वाशिष्ठीचे कर्तृत्व

गुहागरच्या पुळणीवर आषाढात उभ्या राहिलेल्या माणसास समुद्र निळा दिसत नाही. तो गढूळ, तांबूस व जडावल्यासारखा दिसतो. उत्तरेस अंजनवेलच्या टेकाडापलीकडे वाशिष्ठीची खाडी दर्यास मिळते. तेथे हा रंग अधिकच गडद होतो, आणि ओहोटी लागली म्हणजे तांबड्या पाण्याचा एक लांब पट्टा समुद्रात शिरत जातो. नवखा प्रवासी ह्यास पावसाळ्यातील घाण समजून पाठ फिरवितो. वस्तुतः त्या पाण्यातून सह्याद्रीच चालला असतो. तिवऱ्याच्या रानातील माती, कुंभार्ली घाटाखालच्या ओढ्यांतील काळ्या दगडाचा चुरा, चिपळूणच्या खाचरांतील मळी आणि दोन्ही तीरांवरील जांभ्याचा तांबडा भुगा, असा सुमारे सत्तर किलोमीटरांच्या वाटेवरील सारा ऐवज त्यात एकवटलेला असतो.

नदी दरीतून वाहते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ह्या बोलण्यात एक चूक दडलेली आहे. कारण त्यावरून दरी आधीची व नदी मागाहून आलेली, असा समज होतो. दोन शतकांपूर्वी युरोपातील पुष्कळ विद्वानांचाही असाच समज होता. भूकंपाने किंवा प्रलयाने जमीन फाटली आणि त्या भेगांतून नद्या वाहू लागल्या, असे ते मानीत. जॉन प्लेफेअर ह्या स्कॉटिश पंडिताने १८०२ साली ह्या मतावर एक साधा आक्षेप घेतला. दऱ्या जर अशा आकस्मिक भेगा असत्या, तर प्रत्येक दरी तिच्यातील प्रवाहाच्या मापाचीच कशी झाली असती? मोठ्या नदीची दरी मोठी, ओढ्याची दरी लहान. आणि लहान दरी मोठीस मिळते ती बरोबर तिच्या तळाच्या पातळीवर. भेगा असत्या तर एखादी वर लोंबकळत राहिली असती, एखादी खाली गाडली गेली असती. हे माप जुळते, कारण प्रत्येक प्रवाहाने आपापली वाट आपणच कोरली आहे. चिपळूणपासून वर चालत गेले तर वाशिष्ठीस दोन्ही बाजूंनी येऊन मिळणारे लहानमोठे ओढे हीच साक्ष देतात.

वाशिष्ठी ही काही मोठी नदी नव्हे. कृष्णा-गोदावरीच्या पंक्तीस ती बसावयाची नाही. परंतु शिकणाऱ्यास तिची एक मोठी सोय आहे. मोठ्या नदीचे उगमाकडील उद्योग पाहून मुखाकडील उद्योग पाहावयाचे तर निम्मा देश ओलांडावा लागतो. येथे सकाळी गुहागरहून मोटारीने निघालेला मनुष्य चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून दुपारच्या आत सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचतो, आणि नदीचे सारे चरित्र त्याच्या डोळ्यांखालून उलट क्रमाने निघून जाते.

ह्या माथ्यावर जो पाऊस पडतो त्याचे दोन वाटे होतात. पूर्वेच्या अंगास पडलेले पाणी कोयनेत जाते, कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि हजार किलोमीटरांहून लांब वाट तुडवून बंगालच्या उपसागरात पोहोचते. पश्चिमेच्या अंगास पडलेले पाणी वाशिष्ठीतून निघून सत्तर किलोमीटरांच्या आत अरबी समुद्रात उतरते. उंची दोघांची एकच. पण एकास लांबलचक उतरण मिळाली आहे आणि दुसऱ्यास जवळजवळ कडा. त्यातही ह्या सत्तर किलोमीटरांपैकी बहुतेक सारा उतार पहिल्या काही किलोमीटरांतच संपतो. कुंभार्ली घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. चिपळूण शहर समुद्राहून जेमतेम काही मीटर वर. वाशिष्ठीच्या साऱ्या स्वभावाची किल्ली ह्या दोन आकड्यांत आहे. पाणी नदीच्या ज्या भागात कोरते, ज्या भागात वाहून नेते व ज्या भागात टाकून देते, ते सर्व त्याच्या वेगावर ठरते, आणि वेग उतारावर.

वेगाचा हा प्रभाव किती विलक्षण असतो हे एका जुन्या नियमावरून कळते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यास ढकलता येणाऱ्या मोठ्यात मोठ्या दगडाचे वजन दुप्पट होत नाही; ते चौसष्टपट होते. प्रत्यक्ष ओढ्यात हा हिशेब तंतोतंत उतरत नाही, कारण दगडाचा आकार व पात्राचा खडबडीतपणा मध्ये येतो. तरी त्यातील आशय खरा आहे. चैत्रात ज्या धोंड्यांवरून गुराखी मुले उड्या मारीत पलीकडे जातात ते धोंडे त्या ओढ्याने आणले असतील, हे कोणास खरे वाटत नाही; इतके ते मोठे आणि ओढा इतका कृश. पण नदीचे काम वर्षभर सारख्या गतीने चालत नाही. किनाऱ्यावर वर्षास ३,००० मिलिमीटरांच्या आसपास आणि माथ्यावर त्याहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व चार महिन्यांत. त्या चार महिन्यांतही खरे काम होते ते मुसळधारेच्या थोड्या दिवसांत. अशा रात्री डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील माणसांस पाण्याच्या घोंगावण्याखाली आणखी एक बोदा, गडगडणारा आवाज ऐकू येतो. तो पात्राच्या तळाशी लोळणाऱ्या धोंड्यांचा.

हे धोंडे एकमेकांवर आदळून फुटतात, त्यांचे कोपरे झडतात, ते गोटे होतात. आणि गोटे होता होता ते तळाच्या खडकास कानशीप्रमाणे घासतात. भोवऱ्यात सापडलेला गोटा एकाच ठिकाणी गरगर फिरत राहिला म्हणजे खडकात रांजण कोरला जातो. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे पाहावयास लोक दुरून जातात. त्यांची लहान भावंडे सह्याद्रीतील असंख्य ओढ्यांत, कोणी न पाहिलेली, पडून आहेत.

सह्याद्रीचा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. एक रस निवाला, त्यावर दुसरा आला, असे थरावर थर चढत गेले. हे सर्व थर सारखे कठीण नाहीत. काही घट्ट व काळे, तर त्यांच्या मधले काही भुसभुशीत, पुष्कळदा तांबडे. धबधब्याचे पाणी खालचा मऊ थर आतून पोखरते, वरचा कठीण थर निराधार होऊन कोसळतो, आणि कडा हातभर मागे सरकतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. अशा रीतीने नदी केवळ खालीच कोरीत नाही; ती उगमाच्या दिशेने मागेही कोरीत जाते. नदी पुढे वाहते व तिचा उगम मागे सरतो, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते खरी. परंतु सह्याद्रीचा कडा पूर्वी आजच्यापेक्षा बराच पश्चिमेस होता व तो मागे हटत हटत येथवर आला, असे भूशास्त्रज्ञांचा मोठा वर्ग मानतो, आणि ह्या माघारीत वाशिष्ठी, शास्त्री, सावित्री ह्यांसारख्या आखूड व तामसी नद्यांचा वाटा थोडाथोडका नाही.

ह्या डोंगरी टापूत पाण्याची ताकद कमी लेखणे किती महाग पडते, हे तिवऱ्याने पाहिले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री तेथील लहानसे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी पाण्याखाली सापडली. वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरण मोठे नव्हते. पण उभ्या उतारावर सुटलेल्या पाण्याच्या बाबतीत त्याचे परिमाण हा एकच विचार पुरत नाही.

आता माथ्यापलीकडे पाहावे. कोयना महाबळेश्वरी उगम पावते आणि सह्याद्रीच्या माथ्याशी समांतर अशी थेट दक्षिणेस वाहत येते. हेळवाकापाशी येऊन ती एकाएकी काटकोनात पूर्वेस वळते. ज्या जागी ती वळते तेथून पश्चिमेचा कडा काही फार लांब नाही, आणि त्या कड्याखाली वाशिष्ठीचे ओढे मागे मागे कोरीत चढत आहेत. एका बाजूस सुमारे ६०० मीटर उंचीवर संथ वाहणारी नदी; दुसऱ्या बाजूस तिच्या पायाखालची जमीन पोखरणारे ओढे. हा प्रकार असाच चालू राहिला, तर अतिदूरच्या भविष्यकाळी मधली भिंत पडेल आणि कोयनेचे पाणी पश्चिमेस ओढले जाईल. भूगोलात ह्यास नदीचौर्य असे नाव आहे, आणि जगातील पुष्कळ नद्यांच्या इतिहासात अशा चोऱ्या घडून गेल्या आहेत.

वाशिष्ठीच्या बाबतीत मात्र निसर्गाच्या आधी माणसानेच हे काम उरकले. कोयनेवर धरण बांधून तिचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांनी पश्चिमेस वळविले गेले आणि १९६२ पासून पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहात त्यावर वीज होऊ लागली. पुढे १९७५ च्या सुमारास कोळकेवाडीचा टप्पा आला. तेथे तेच पाणी पुन्हा एकदा अडवून पुन्हा एकदा खाली सोडले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ च्या निवाड्यात असे वर्षास ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेस नेण्यास मान्यता दिली. जे पाणी कऱ्हाडावरून बंगालच्या उपसागराकडे जावयाचे ते चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाऊ लागले. पूर्वी फाल्गुन-चैत्रात वाशिष्ठीचे पात्र कोकणातील इतर नद्यांप्रमाणे डोहांपुरते उरत असे. आता ऐन वैशाखातही तिला पाणी असते, आणि चिपळूण शहर व आसपासचे कारखाने ह्यांची तहान त्यावर भागते. एका नदीच्या वाट्यास दुसऱ्या नदीचे पाणी आले म्हणजे तिचे पात्र, तिचे तीर आणि तिच्या काठची माणसे ह्या सर्वांचा जुना हिशेब बदलतो. ह्या बदलाचा अभ्यास वीजनिर्मितीच्या अभ्यासाइतक्या आस्थेने झाला असता तर बरे झाले असते.

डोंगर सोडून नदी सपाटीवर आली की तिची स्थिती, भरल्या डोक्याने धावत आलेल्या हमालाचे पाय एकाएकी वाळूत रुतावेत, तशी होते. ओझे तेच, पण चाल संपली. मग ती ओझे टाकू लागते, आणि टाकण्यातही तिचा क्रम ठरलेला असतो. धोंडे पायथ्याशीच राहतात. पुढे गोटे, मग जाड वाळू, मग बारीक वाळू, आणि सर्वांत शेवटी गाळ. पोफळीहून चिपळूणकडे येताना नदीपात्रातील दगडांचे आकारमान लक्षपूर्वक पाहत आल्यास ही निवड कोणासही दिसेल. वाण्याने धान्य चाळून वेगळे लावावे तशी ती लावलेली असते.

ह्या टाकण्यानेच चिपळूणची भूमी झाली आहे. पुराचे पाणी काठ ओलांडून पसरते, पसरले की त्याचा वेग मोडतो, आणि ओसरताना ते बोटभर मळी मागे ठेवून जाते. हजारो पावसाळ्यांची ही बोटभर मळी साचून भाताची सपाट शेते व गावठाणाची जमीन तयार झाली. वरून पाणी, खाली सुपीक माती, आणि गोवळकोटापर्यंत भरतीवर येणारी गलबते. घाटमाथ्यावरचा माल उतरावयाचा व बंदरातला माल घाटावर चढावयाचा तो येथूनच. चिपळूणची पेठ ह्यामुळे वसली. परंतु ज्या जमिनीवर ती वसली ती नदीने आपला पूर पसरण्यासाठी तयार केलेली जमीन आहे. भूगोलाच्या पुस्तकांत तिला पूरमैदान म्हणतात, आणि त्या नावात सारे आले.

त्यातून चिपळूणची आणखी एक अडचण आहे. उताराचा शेवट आणि भरतीचा शेवट येथे एकमेकांस भेटतात. डोंगरातून लोंढा यावयास आणि समुद्रास भरती यावयास एकच वेळ गाठ पडली, तर पुराच्या पाण्यास पुढे जावयास वाट उरत नाही. ते जागच्या जागी चढू लागते. शहराच्या मधून येणारी शिवनदीही मग वाशिष्ठीत उतरू शकत नाही व उलटी फुगते. २६ जुलै २००५ च्या पावसात हे झाले. २२ जुलै २०२१ रोजी ते अधिक भयंकर रीतीने झाले. त्या वेळच्या वृष्टीचा अंदाज यावा म्हणून शेजारच्या महाबळेश्वराचा आकडा पाहावा: तेथे एका दिवसात ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला. चिपळूणच्या बाजारपेठेत पुरुषभर उंचीहून कितीतरी अधिक पाणी चढले, दुकानांतील मालाचा चिखल झाला, आणि माणसांनी रात्र माड्यांवर व कौलांवर काढली. धरणातून सुटलेल्या पाण्याचा त्यात किती भाग होता, ह्यावर पुढे पुष्कळ वाद झाला.

पूर ओसरल्यावर एक गोष्ट मात्र निर्विवाद पुढे आली. नदीचे पात्र गाळाने व गोट्यांनी भरून उथळ झाले होते, मध्ये बेटे वाढली होती, आणि पूर्वीइतके पाणी त्यात मावत नव्हते. नागरिकांनी उपोषण केले. २०२२ च्या आरंभापासून यंत्रे लावून गाळ काढण्याचे काम सुरू झाले. हे काम आवश्यक होते ह्यात शंका नाही. परंतु गाळ काढला म्हणजे गाळाचा प्रश्न सुटला, असे समजणे भोळेपणाचे आहे. वरच्या डोंगरातील झाडे जोवर तुटत आहेत आणि रस्त्यांसाठी कापलेल्या दरडींची माती जोवर ओढ्यांत उतरत आहे, तोवर नदी ती आणणार. आणि उतार जेथे संपतो तेथेच ती टाकणार. तिला दुसरी जागा ठाऊक नाही. काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला, तर तो पुढच्या आषाढात पुन्हा पात्रात उतरावयास उत्सुकच असतो, हेही सांगावयास नको.

विल्यम मॉरिस डेव्हिस ह्या अमेरिकन भूगोलज्ञाने गेल्या शतकापूर्वीच्या अखेरीस नदीचे बाल्य, तारुण्य व वार्धक्य अशा अवस्था कल्पिल्या आणि त्या शाळेतल्या पुस्तकांत घर करून बसल्या. वाशिष्ठीकडे पाहिले म्हणजे ही कल्पना थोडी फसवी वाटते. ही नदी डोंगरात मुलासारखी उड्या मारते आणि पुढच्याच वळणावर वृद्धासारखी काठी टेकीत चालू लागते. मधले वय तिला जवळजवळ लाभलेच नाही. ह्या म्हातारपणाचे दृश्य परशुराम घाटातील विसाव्याच्या जागेवरून उत्तम दिसते. खाली वाशिष्ठी हिरव्या शेतांतून ऐटदार वळणे घेत गेलेली असते, आणि मोटारी थांबवून लोक तिची छायाचित्रे घेतात.

ही वळणे पडतात कशी, ह्याचे एक सुंदर उत्तर प्रत्येक घरात रोज मिळत असते. चहाच्या पेल्यात चमचा फिरविला की तळाची पत्ती कडेस जाण्याऐवजी मध्यभागी गोळा होते. फिरणारे पाणी कडेकडे ढकलले जाते, कडेने खाली उतरते, आणि तळाशी घर्षणाने मंद होऊन मध्याकडे परत येते. येताना पत्ती घेऊन येते. आल्बर्ट आइन्स्टाइन ह्यांनी १९२६ साली एका छोट्या निबंधात ह्या पत्तीवरून नद्यांच्या वळणांचा उलगडा केला. नदीच्या वळणावरही हेच होते. वेगवान पाणी बाहेरच्या काठावर धडकते, तेथली माती खाते, व तळाने आतल्या काठाकडे परत येते. आणि खाल्लेली माती तेथे टाकते. म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूस उभी दरड व खोल डोह असतो, तर आतल्या बाजूस उथळ, उतरती मळई. वळण एकदा पडले की ते आपोआप वाढत जाते. नदीकाठच्या एका शेतकऱ्याची जमीन दरवर्षी तुटते आणि समोरच्याची वाढते, ह्यात दैवाचा पक्षपात नाही. पाण्याच्या फिरण्याचा हा हिशेब आहे. बाहेरच्या वळणावर घर बांधणाऱ्याने तो बांधण्यापूर्वीच करावा.

गोवळकोटाच्या खाली नदीची खाडी होते, आणि येथे तिच्या चरित्रातील एक मोठा कूटप्रश्न उभा राहतो. दाभोळपाशी खाडी रुंद आहे. दोन्ही बाजूंस डोंगर पाण्यात उतरलेले आहेत. इतकी मोठी दरी ह्या संथ, भरती-ओहोटीने मागेपुढे डुलणाऱ्या पाण्याने कोरली असेल, हे शक्य दिसत नाही. आणि ती तशी कोरलेलीही नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील पुष्कळसे पाणी उत्तरेकडील बर्फाच्या थरांत अडकून पडले असता, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा पश्चिमेस कितीतरी दूर गेला होता. त्या काळी वाशिष्ठी दाभोळपाशी संपत नव्हती. तेथून पुढे, आज जेथे मासेमारीच्या होड्या जातात त्या भूमीवरून, उतारच उतार धरून जात होती व कोरीत जात होती. मग बर्फ वितळले, समुद्र चढला, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास आजच्या पातळीजवळ येऊन थांबला. दरीचे खालचे टोक बुडाले. दाभोळची खाडी, जयगडची खाडी, बाणकोटची खाडी ह्या सर्व अशा बुडालेल्या दऱ्या होत.

चिपळूणच्या डोंगरावर ज्याचे मंदिर आहे त्या परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटविला व कोकण निर्माण केले, अशी कथा सर्वांस ठाऊक आहे. भूशास्त्राची कथा ह्याच्या थोडी उलट जाते: समुद्र आत आला, आणि तेव्हापासून नद्या आपली बुडालेली जमीन टोपली टोपली माती टाकून परत मिळवीत आहेत. खाडीकाठी राहणाऱ्यांस ही दुसरी कथाही अपरिचित वाटू नये, कारण ती त्यांच्या डोळ्यांसमोर चालू आहे.

नदीतील अतिसूक्ष्म गाळ गोड्या पाण्यात दिवसचे दिवस तरंगत राहतो. त्याच्या कणांवर सारख्याच जातीचा विद्युद्भार असल्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच मिठाच्या योगाने हा विरोध मोडतो, कण एकमेकांस चिकटून त्यांची पिसे बनतात, आणि ती तळाशी बसतात. खाडीचा चिखल इतका विपुल का, ह्याचे हे एक मुख्य कारण. ह्या चिखलावर कांदळाची झाडे उगवतात. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात आणखी गाळ अडकतो. पाण्यातून जमीन वर येते. कांदळवन वाढले की मासे, कोळंब्या, खेकडे आले. मालदोलीच्या बाजूस मगरीही आहेत. पुढे माणूस बांध घालून खारे पाणी अडवितो व खाजणात भात पेरतो. निसर्गाने निम्मी केलेली जमीन तो पुरी करतो, आणि उधाणाच्या भरतीस बांध फुटला तर समुद्र ती एका रात्रीत परत मागतो.

खाडीतील वाळूवरही गेल्या काही पिढ्या माणसाची दृष्टी आहे. पूर्वी बुडी मारून हातपाटीने वाळू काढीत; ती जितकी निघे तितकी नदी पुन्हा आणून टाकी. पंपाने ओढावयास लागल्यापासून हे प्रमाण राहिले नाही. तळ खोल गेला की काठाचा पाया सुटतो आणि नारळीच्या झाडासकट जमीन खाडीत उतरते. वर चिपळुणास गाळ नको इतका झालेला, आणि खाली वाळू काढून काठ ढासळलेले; एकाच नदीवर, एकाच तालुक्याच्या अंतरात, ही दोन्ही दुःखे नांदत आहेत.

मुखाशी पाहिले तर उत्तर तीरावर दाभोळ व दक्षिण तीरावर अंजनवेल अशी दोन जुनी ठाणी समोरासमोर आहेत. बहामनी व आदिलशाही अमलात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी ते जाळले. तेथील १६५९ ची मशीद त्या वैभवाची खूण म्हणून उभी आहे. दाभोळ मागे पडले ह्याची कारणे मुख्यतः राजकीय असली, तरी खाडीच्या तोंडाशी साचणारी वाळू हाही तेथील दर्यावर्द्यांचा जुना शत्रू आहे. नदीचे पाणी बाहेर पडू पाहते, लाटा आत येऊ पाहतात. दोघांच्या रेट्यात वेग मोडतो आणि वाळू तेथेच बसते. घाटावर धोंडे लोटणारी नदी येथे येईतो इतकी क्षीण झालेली असते की, वाळूचा कणही तिला आपल्या बळाने पुढे नेववत नाही. पुढचे काम लाटा व किनाऱ्याच्या कडेने वाहणारे प्रवाह अंगावर घेतात.

आणि ते घेतात म्हणूनच गुहागर आहे. उत्तरेस वाशिष्ठी व दक्षिणेस शास्त्री ह्यांच्या खाड्यांनी वेढलेल्या ह्या तालुक्यास स्वतःची मोठी नदी नाही. त्याचा बहुतेक भाग म्हणजे जांभ्याचा सडा. कोट्यवधी वर्षांच्या उष्ण व ओल्या हवेत मूळ खडकातील विद्राव्य द्रव्ये धुपून गेली आणि लोखंड व ॲल्युमिनियम ह्यांच्या संयुगांचा हा तांबडा, सच्छिद्र दगड मागे राहिला. पूर्वी हा सडा पुष्कळ अधिक सलग असला पाहिजे. दोन्ही खाड्यांनी त्याच्या कडा कापल्या, आणि पालशेत, वेळणेश्वर, हेदवी ह्या बाजूंच्या लहान ओढ्यांनी व पऱ्ह्यांनी त्यास मधून मधून फाडून त्याचे तुकडे केले. हे पऱ्हे नकाशावर सापडत नाहीत; माघात कोरडे पडतात. पण प्रत्येक पऱ्ह्याच्या तोंडाशी एक लहानशी सपाटी, त्या सपाटीवर एक आगर, आणि त्या आगराच्या आश्रयास एक गाव, अशी ह्या किनाऱ्याची सारी मांडणी त्यांनीच केली आहे. सड्यावर पडलेले पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपते, खालच्या चिकणमातीवर अडते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. वर कातळ रखरखीत असता खाली पोफळी हिरव्यागार का, ह्याचा उलगडा ह्यात आहे.

खुद्द गुहागर ह्याहून वेगळ्या जमिनीवर आहे. सडा व समुद्र ह्यांच्या मध्ये वाळूची एक लांब, अरुंद पट्टी पडली आहे. वरचा पाट, खालचा पाट अशी वस्ती तिच्यावर एका ओळीने पसरली आहे. मधून रस्ता, दोन्ही अंगांस नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि व्याडेश्वराचे देऊळ. ही पट्टी समुद्राने रचली. तीत शिंपल्यांचा चुरा आहे, किनाऱ्यावरील खडकांची झीज आहे, आणि नद्यांनी व पऱ्ह्यांनी डोंगरातून आणून दिलेली रेती आहे. हा शेवटचा पुरवठा तुटला तर काय होते, हे दुसरीकडे पाहावयास मिळते. इजिप्तमध्ये १९७० साली अस्वानचे उंच धरण पुरे झाले, नाईलचा गाळ धरणामागे अडकला, आणि तिच्या मुखाशी हजारो वर्षे वाढत आलेली भूमी समुद्र खाऊ लागला.

वाळूच्या अंगी एक गुण आहे: पावसाचे गोडे पाणी तिच्यात मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गुहागरच्या विहिरींना गोडे पाणी लागते ते ह्यामुळे. मात्र ही गोड्या पाण्याची साय जाड नसते. पंप लावून एकसारखे उपसत राहिल्यास खालचे खारे पाणी वर चढते. जुने लोक रहाटाने लागेल तेवढेच काढीत, तेव्हा ही भीती नव्हती.

आषाढ-श्रावणात उंच लाटा पुळणीची पुष्कळशी वाळू ओढून आत नेतात. किनारा अरुंद व उभा होतो, आणि सुरूच्या झाडांची मुळे कोठे कोठे उघडी पडतात. ती वाळू फार लांब गेलेली नसते. पाण्याखाली थोड्या अंतरावर तिचे बांध होऊन पडलेले असतात. भाद्रपद सरतो, वारा पडतो, लाटा ठेंगण्या व लांब होतात, आणि प्रत्येक लाट ओंजळ ओंजळ वाळू परत आणू लागते. दिवाळीपर्यंत पुळण पुन्हा रुंद झालेली असते. खाडीच्या तोंडाचा तांबडा पट्टाही तोवर नाहीसा होतो, त्यातील गाळ तळाशी बसतो, आणि पाणी निवळून निळे दिसू लागते. ह्या परत आलेल्या वाळूत त्या वर्षी वाशिष्ठीने नव्याने आणलेले कणही मिसळलेले असतात, आणि कार्तिकात मुले तिच्यावर किल्ले बांधतात.